मोबाईलवरील छळ आणि पाहणारा वर्ग

मुलांचे भांडण पूर्वी फार तर गावच्या वेशीपर्यंत टिकत असे. कोणी कोणास चिडविले, कोणी कोणाची पाटी फोडली, याचा निकाल संध्याकाळच्या खेळात लागून जाई आणि दुसऱ्या दिवशी तीच दोन मुले एका बसकरपट्टीवर शेजारी बसलेली दिसत. शाळेत ऐकलेले टोमणे घराच्या उंबऱ्याबाहेर राहत. आज तसे राहिलेले नाही. ज्या मुलास दिवसभर वर्गात हिणविले गेले त्याच्या हातात रात्री जेवणानंतर घरचा मोबाईल येतो, आणि तेच टोमणे, तीच नावे, त्याच्याच चेहऱ्याची विद्रूप केलेली चित्रे तेथे आधीच येऊन बसलेली असतात. घर आणि शाळा यांमधला उंबरा त्याच्यापुरता नाहीसा झाला आहे.

पालकसभेत मोबाईलचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दूरच्या शहरातला कोणी अनोळखी ठक उभा राहतो. असे ठक आहेत आणि त्यांच्यापासून सावध राहिलेच पाहिजे. परंतु नांदेड आणि लातूरकडील खेड्यांतल्या शाळांना भेटी देताना ज्या तक्रारी प्रस्तुत लेखकाच्या कानावर आल्या, त्यांतील त्रास देणारा बहुधा त्याच वर्गातला, त्याच गल्लीतला, कित्येकदा भावकीतलाच निघाला. तो जात्याच दुष्ट होता असेही नाही. चार मुले हसतील म्हणून त्याने एक चित्र टाकले. चार मुले हसली. म्हणून त्याने दुसरे टाकले. या लेखात त्या चित्र टाकणाऱ्यापेक्षा हसणाऱ्या चार मुलांचा विचार अधिक करावयाचा आहे. कारण शिक्षकाच्या हाती खरोखर असते ती हीच मंडळी.

प्रथम एका सोप्या वाटणाऱ्या उपायाविषयी. ‘मुलांच्या हाती मोबाईल देऊच नये,’ असे भाषण पुष्कळ ठिकाणी होते आणि त्यावर टाळ्याही पडतात. तथापि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर पालकांनी मोबाईल घ्यावा, त्यात गट करावा, अभ्यास त्यावर पाहावा, हे आपणच घरोघरी जाऊन सांगितले. शाळा पुन्हा उघडल्या. मोबाईल घरात राहिला. शिवाय आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि लेकरे आजी-आजोबांपाशी राहतात. आई कारखान्याच्या पालावर आणि मूल तांड्यावर. दोघांमध्ये दुवा एकच, तो म्हणजे मोबाईल. रात्री आठ वाजता आईचा चेहरा दिसतो तो त्या काचेत. अशा मुलाच्या हातून मोबाईल काढून घ्या असे सांगणाऱ्याने आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची दुसरी सोयही सांगितली पाहिजे. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपन्यांनी स्वतः तेरा वर्षांची अट घातलेली आहे, ती पालकांना अवश्य सांगावी. परंतु घरात एकच मोबाईल आणि तो वडिलांच्या नावाचा, अशा ठिकाणी ही अट कागदावर राहते, हेही आपणांस ठाऊक आहे.

आता छळ कशास म्हणावयाचे? आपल्या भाषेत या बाबतीत शब्दांची वाण नाही. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, छळ अशी ही उतरंड आहे, आणि मुलांना तिच्या पायऱ्या चांगल्या कळतात. थट्टेत दोघेही हसतात. टिंगलीत एक हसतो व दुसरा ओशाळतो. कुचेष्टेत दुसऱ्याला ओशाळविणे हाच हेतू असतो. आणि तेच पुन्हा पुन्हा, बळ कमी असलेल्यावर, सुटका न ठेवता होऊ लागले की तो छळ. वर्गात छळ ओळखण्यास दिवस लागतात, कारण तो पुन्हा पुन्हा घडावा लागतो. मोबाईलवर मात्र एकाने एकदाच केलेली कुचेष्टा छळाचे रूप घेते; कारण ती पुन्हा पुन्हा करण्याचे काम पाहणारे लोक करतात. एकाने चित्र टाकले, ऐंशी जणांनी पाहिले, तीस जणांनी हसरे चेहरे लावले, दहा जणांनी पुढे पाठविले. मूळ मुलगा तोपर्यंत झोपी गेलेला असतो.

छळाचे प्रकार सारेच येथे मोजीत नाही. शिक्षकांना ते ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडणे, छायाचित्रात मुंडके बदलणे, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून स्टेटस ठेवणे, ही उघड रूपे होत. यापेक्षा गुपचूप चालणारा आणि मुलांना फार जाचणारा एक प्रकार वगळण्याचा आहे. वर्गातील छत्तीस मुलांपैकी पस्तिसांचा गट करावयाचा आणि त्या गटात काल काय गंमत झाली ते छत्तिसाव्यासमोर बोलावयाचे. यात एकही वाईट शब्द नाही, दाखविण्यास पुरावा नाही, आणि तक्रार करावी तर ‘मला गटात घेत नाहीत’ एवढेच सांगावे लागते. शिक्षकाला ते पोरकट वाटते. त्या मुलाला ते वाळीत टाकल्यासारखे वाटते.

एका तांड्यावरील शाळेत तिसरीतला मुलगा प्रथमच सलग वाचू लागला. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाने मराठी उतारा न अडखळता वाचला याचे बाईंना कौतुक वाटले आणि त्यांनी त्याचे वाचन ध्वनिमुद्रित करून पालकांच्या गटावर टाकले. हेतू शुद्ध होता. शेजारच्या गावातील मोठ्या मुलांनी त्यातले दोन शब्द, ज्यांत त्याच्या बोलीचा हेल आला होता, तेवढे तोडून घेतले, मागे हसण्याचा आवाज जोडला आणि ते चार दिवस आपल्या स्टेटसवर ठेवले. मुलाने वर्गात तोंड उघडणे बंद केले. बाईंनी मग त्याला आधी एकट्याने, नंतर दोघांत, नंतर पाच मुलांत वाचावयास बसविले. पुन्हा वर्गासमोर उभा राहण्यास त्याला दिवाळी उजाडली. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा, उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा, किनवट-माहूरकडे गोंडी-कोलामीचा हेल मुलांच्या मराठीत येणारच. तो दोष नव्हे, हे शिक्षकाने वर्गात नुसते सांगून भागत नाही. त्या बोलीतला एखादा शब्द आपण स्वतः शिकून फळ्यावर लिहावा, म्हणजे मुले ते खरे मानतात.

दुसरी हकिकत अधिक गंभीर आहे. गाव व तालुका सांगत नाही. आठवीतील एका मुलीच्या छायाचित्रातला चेहरा दुसऱ्याच कोणाच्या चित्रावर बसविला गेला आणि तो प्रकार मुलांच्या गटावर फिरला. शिक्षकांना कळले त्याच्या चार दिवस आधीपासून वर्गातील निदान सहा-सात मुलामुलींना ते माहीत होते. वडिलांना कळले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर मुलीची शाळा बंद केली. चित्र करणाऱ्या मुलाची चौकशी नंतर झाली. मुलीला शिक्षा आधी झाली. घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाल्याचे मुख्याध्यापिकेच्या कानावर आले. त्या तीन वेळा त्या घरी गेल्या. तिसऱ्या खेपेस मुलीच्या आजीला सोबत घेऊन बोलल्या आणि बालविवाह प्रतिबंधाचे काम पाहणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही कळविले. मुलगी परत आली. हजेरीपटावर मध्ये चौतीस दिवसांची गैरहजेरी आहे.

या हकिकतीत मुले का बोलली नाहीत, हा खरा प्रश्न आहे. त्यांना मुलीविषयी वाईट वाटत नव्हते असे नाही. नंतर विचारले असता एका मुलीने दिलेले उत्तर असे : ‘सांगितलं असतं तर सर, तिची शाळाच बंद झाली असती.’ आणि झालेही तसेच. मुले आपल्यापेक्षा व्यवहारी असतात. तक्रार केल्याने तक्रार करणाऱ्याचाच मोबाईल जातो, मुलगी असेल तर शाळा जाते आणि कदाचित लग्नाची घाई होते, हे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून ती गप्प राहतात. ‘काही त्रास असेल तर निःसंकोच सांगा,’ असे परिपाठात शंभर वेळा म्हटले तरी हा अनुभव पुसला जात नाही. तो पुसावयाचा तर तक्रार करणाऱ्याचे काहीही हिरावले जाणार नाही अशी बोली शाळेने आधी पालकांशी करावयास हवी, आणि ती त्रास घडण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या पालकसभेतच करावयास हवी. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

ज्ञानदेवादी भावंडांना संन्याशाची मुले म्हणून हिणविले गेले ही परंपरेतील कथा आपण वर्गात सांगतोच. त्या कथेत एकदा ज्ञानदेव उद्विग्न होऊन झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईंनी बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. ‘ताटीचे अभंग’ म्हणून ती रचना महाराष्ट्रास परिचित आहे. कथेतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दार बाहेरून कोणी फोडले नाही. आणि बाहेर उभी होती ती वयाने लहान, त्याच हेटाळणीत भाजून निघालेली बहीण. दार लावून बसलेल्या मुलापर्यंत पुष्कळदा शिक्षक पोहोचत नाही. त्याच्या वयाचे कोणी तरी पोहोचते.

येथवर एका मुलाच्या, एका मुलीच्या त्रासाविषयी लिहिले. एखादा निरोप अनेकांनी, आपण काही वाईट करीत आहोत अशी शंकाही न येता, पुढे ढकलला म्हणजे त्याचा शेवट कोठवर जातो, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. त्या दिवशी रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत अशा मजकुराचे निरोप त्या सुमारास कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे, त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची, तेथे आली होती. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर जगत गावोगाव फिरणारे हे लोक. जमावाने त्यांना मुले पळविणारे ठरविले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथे मारून टाकले. पाचही गेले. काहींनी या मारहाणीचे मोबाईलवर चित्रण केले.

त्या वर्षी अशा अफवांबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांत एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावरच्या लेकराला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. ती फीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालसंरक्षणाच्या प्रचारासाठी केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि आपल्या मुलांवर लक्ष ठेवा अशा आशयाचा फलक दाखवितात. कोणीतरी शेवट कापला. मुलांना जपा असे सांगणारी फीत, शेवटचे काही क्षण काढून टाकताच माणसे मारण्यास कारण ठरणारी झाली.

आपल्याकडील शिक्षकांस राईनपाडा दूर वाटावयास नको. वासुदेव, बहुरूपी, मसणजोगी, गोंधळी, जोशी यांची पावले सुगीनंतर आपल्याही गावांतून फिरतात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस भटक्या समाजांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमत आली आहेत. त्यांची लेकरे आपल्या पटावर आहेत. आणि ही गोष्ट २०१८ सालीच संपली असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात लवंगा येथे पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयाने मारहाण झाली. सुदैवाने ते वाचले.

राईनपाड्यातील निरोप ज्यांनी पुढे पाठविले, त्यांतील प्रत्येकास विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? ‘मी कोणास मारा म्हटले नाही. लोक सावध राहावेत म्हणून पाठविले.’ आठवीच्या मुलीचे चित्र पुढे पाठविणाऱ्या मुलांचेही उत्तर असेच होते : ‘मी केले नाही, मी फक्त पाठविले.’ दोन्ही ठिकाणी करणारे थोडे आणि ‘फक्त पाठविणारे’ पुष्कळ. व्हॉट्सॲप कंपनीने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठविण्यास प्रतिबंध केला व पुढे आलेल्या निरोपावर तशी खूण उमटविण्यास आरंभ केला. जानेवारी २०१९ पासून हीच मर्यादा जगभर लागू झाली, आणि फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे एप्रिल २०२० मध्ये ठरले. यंत्राने आपल्यापरीने बांध घातला. बांधाला भगदाड माणसेच पाडतात.

(अफवेला मोबाईलच लागतो असे मात्र कोणी समजू नये. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा खेड्यात मोबाईल नव्हता. ती चमच्याने दूध पाजण्यावर थांबली, एवढेच सुदैव.)

आता थोडे स्वतःविषयी. शाळेच्या गटावर आपण काय टाकतो? गृहपाठ न करणाऱ्यांची नावे. चाचणीचे गुण, खालून वर लावलेले. सतत गैरहजर मुलांची यादी, तीही ‘पालकांनी लाज बाळगावी’ अशा ओळीसह. गणवेशवाटपात हात पुढे केलेल्या मुलाचे छायाचित्र, ज्यात मान्यवरांचे चेहरे स्पष्ट आणि मुलाची खाली गेलेली मानही स्पष्ट. हे सारे वाईट हेतूने होत नाही, पुष्कळदा वरून छायाचित्रे मागितली जातात म्हणूनही होते, आणि हा दोष केवळ शिक्षकांचा आहे असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. परंतु बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासही निषिद्ध केला आहे, आणि पन्नास पालकांसमोर मुलाचे नाव नापासांच्या यादीत टाकणे हा त्यातून निसटणारा प्रकार नव्हे. मुले हे पाहतात. चारचौघांत एखाद्याची उणीव उघडी करण्यासाठी मोबाईल वापरावयाचा असतो, हा पाठ ती आपल्याकडूनच घेतात. गुण पालकांना एकेकट्यास कळवावेत. वस्तुवाटपाचे छायाचित्र घेणे भागच असेल तर वस्तूंचे घ्यावे, मुलांचे पाठमोरे घ्यावे. एवढे केले तरी पुढील पाठ देण्याचा अधिकार आपणांस येतो.

तक्रार आली तर काय करावयाचे, ते थोडक्यात. मुलाचे म्हणणे प्रथम पूर्ण ऐकावे. ‘तू तिकडे गेलासच कशाला’ हा प्रश्न विचारू नये. मजकूर घाईने पुसावयास लावू नये. पाठविणाऱ्याचा क्रमांक, दिवस व वेळ लिहून घ्यावी, पडद्याचे चित्र जपून ठेवावे. मात्र मजकूर मुलाचे अश्लील चित्र असेल तर त्याची प्रत काढणे, ती पुरावा म्हणून मुख्याध्यापकांस किंवा आम्हांस पाठविणे, हेही करू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ ब खाली तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. तो मोबाईल आहे तसा ठेवून पोलिसांना कळवावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध कळल्यास कळविणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळविणे कलम २१ प्रमाणे शिक्षेस पात्र आहे. ‘गावची अब्रू’ ही सबब तेथे चालत नाही. शाळेच्या सखी सावित्री समितीची रचना १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने झालेली आहे. ती फलकावरील नावांपुरती राहू देऊ नये. बालकांसाठी १०९८, मनाच्या आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहावेत. बहुतेक शाळांत ते मोठ्यांच्या डोळ्यांच्या रेषेत लिहिलेले आढळतात.

एक सावधगिरी. मुलांना धाक घालण्यासाठी ‘कलम ६६ अ लागेल’ असे अजून काही ठिकाणी सांगितले जाते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले आहे. चुकीच्या कायद्याचा धाक घालू नये. आणि शक्यतो बरोबर कायद्याचाही धाक घालू नये. तो समजावून सांगावा.

पाठाचे टाचण (इयत्ता सहावी ते आठवी, तासिका दोन)

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातील अभ्यासकांनी ‘किवा’ नावाचा शालेय कार्यक्रम तयार केला व २००९ पासून तो तेथील शाळांतून देशभर सुरू झाला. त्याचा भर छळणाऱ्यावर नसून पाहणाऱ्या मुलांवर आहे. पुढील टाचण त्याची नक्कल नव्हे, दिशा मात्र तीच आहे. साहित्य खडू-फळा व कागदाचे तुकडे. मोबाईलची गरज नाही.

आरंभ एका गोष्टीने करावा. ‘भर दुपारी एक मनुष्य काठी घेऊन शेजाऱ्याच्या घरात धावत शिरला. आतून किंचाळण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत रडणारे लेकरू होते.’ येथे थांबावे. काय घडले ते प्रत्येक मुलाने वहीत दोन ओळींत लिहावे. चार-पाच उत्तरे वाचून घ्यावीत. बहुधा चोरी, मारामारी, मूल पळविणे हीच निघतील. मग शेवटचे वाक्य सांगावे : ‘घरात साप निघाला होता.’ वर्ग हसेल. हसू ओसरल्यावर विचारावे, ‘मी शेवटचे वाक्य सांगितलेच नसते आणि तुम्ही आपापले उत्तर गावात सांगितले असते तर?’ यानंतर कापलेल्या फितीची व राईनपाड्याची हकिकत सांगावी. मारहाणीचे वर्णन करू नये. पाच माणसे भिक्षा मागावयास आली होती आणि परत गेली नाहीत, एवढे पुरे. वर्गात भटक्या समाजातील मूल असेल तर आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन कल्पना द्यावी व त्याच्याकडे पाहून ही हकिकत सांगू नये.

दुसरा भाग गणिताचा. फळ्यावर वर एक ठिपका काढावा. त्याने निरोप पाच जणांना पाठविला. त्या पाचांनी प्रत्येकी पाचांना. असे पाच वेळा. मुलांनी स्वतः गुणाकार करावा : ५, २५, १२५, ६२५, ३,१२५. एकूण ३,९०५. आपल्या गावची लोकसंख्या किती, ते विचारावे. आता पहिल्या पाचांपैकी एका मुलाला उभे करून म्हणावे, ‘हा पाठविणार नाही.’ त्याच्या खालची सारी फांदी डस्टरने पुसावी आणि पुसलेले ठिपके मोजावयास सांगावे : ५, २५, १२५, ६२५; मिळून ७८०. (हुशार मूल म्हणेल की एकाच माणसाकडे तोच निरोप दोनदा येतो, म्हणून आकडा कमी भरेल. त्यास शाबासकी द्यावी; ते बरोबर आहे.) याच ठिकाणी आपल्या भागातले एक उदाहरण घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मुलांनी आजीकडून ऐकलेला असतो; २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात झालेल्या भूकंपाचा धक्का नांदेडकडील कित्येकांनी स्वतः अनुभवला. म्हणून ‘आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार’ असा निरोप आपल्याकडे फार लवकर पसरू शकतो. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगणारे शास्त्र जगात कोठेही नाही, हे एक वाक्य मुलांकडून पाठ करून घ्यावे आणि घरी सांगावयास लावावे.

तिसरा भाग कठीण आहे. तो दुसऱ्या तासिकेस ठेवावा. प्रत्येकास कागदाचा तुकडा द्यावा, नाव लिहू नये. प्रश्न असा : ‘वर्गातील एका मुलाची टिंगल करणारे चित्र तुमच्या मोबाईलवर आले. तुम्ही काय कराल?’ बहुतेक तुकड्यांवर ‘काढून टाकीन’ असे येईल. शिक्षकाने येथे समाधान मानू नये. काढून टाकणाऱ्या मुलाच्या मोबाईलमधून चित्र जाते. ज्याचे चित्र आहे त्याला त्यातले काही कळत नाही. तो इतकेच जाणतो की सर्वांनी पाहिले आणि कोणी बोलले नाही. म्हणून दुसरा तुकडा द्यावा : ‘दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला. तुम्ही त्याच्याशी पहिले वाक्य काय बोलाल?’ येथे मुलांना वेळ लागेल. लागू द्यावा. काही तुकडे कोरे येतील. जी वाक्ये येतील ती शुद्धलेखन न सुधारता फळ्यावर लिहावीत आणि कोणते वाक्य ऐकावयास बरे वाटेल ते मुलांनाच निवडू द्यावे. एका शाळेत सातवीच्या वर्गाने निवडलेले वाक्य होते, ‘डबा माझ्यासोबत खा.’ चित्राचा उल्लेखही त्यात नव्हता. शिक्षकाला इतके चांगले वाक्य सुचले नसते.

अखेरीस विचारावे, ‘असे झाले तर मोठ्यांपैकी कोणाला सांगाल?’ आणि उत्तरे पुन्हा नाव न लिहिता तुकड्यांवर घ्यावीत. त्यात स्वतःचे नाव किती वेळा आले ते शिक्षकाने एकट्याने मोजावे, वर्गात वाचू नये. स्वयंपाकीण मावशींचे नाव अधिक वेळा आले तर राग मानण्याचे कारण नाही. मावशींना पुढच्या सभेत बोलवावे आणि तक्रार ऐकून ती कोठे पोहोचवावयाची ते त्यांना नीट सांगावे.

हा पाठ घेतल्यावर टाचण केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस आणावे. पाठ किती छान झाला हे लिहिण्याची गरज नाही. कोणत्या प्रश्नावर वर्ग गप्प बसला आणि किती तुकडे कोरे आले, तेवढे समासात टिपलेले असावे. तुकडे आणू नयेत. ते शाळेतच जाळून टाकावेत.